भेट कलम

दादाचा डावा हात 21 दिवस त्याच्याच जांघेला जोडलेला होता. जोडलेला म्हणजे बांधलेला नव्हे. जांघेतली कातडी आतल्या चरबीसकट उचलून, एका टोकाला तशीच ठेवून, तिचं दुसरं टोक हाताच्या पाठीवर शिवलं होतं. हात आणि जांघ यांच्यामध्ये मांसाचा एक आखूड पूल. त्या पुलावरून जांघेतलं रक्त हाताकडे जात होतं, आणि ते जातंय की नाही हे आम्ही पाळीपाळीनं जागून बघत होतो.

आमचं गाव गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. मे संपत आला की घरोघर पुरुमेंताची धांदल असते. मिरच्या, कोकमं, सुकी मासळी, आणि पावसाळाभर पुरतील एवढे उकडे तांदूळ. दादा भात घेऊन गिरणीवर गेला होता. पोत्याची सुटलेली सुतळी पट्ट्यात ओढली गेली, ती सोडवायला त्यानं हात घातला, आणि चालता पट्टा नि चाक यांच्यामध्ये हात सापडला. त्यानं तो ओढून काढला तेव्हा मागची कातडी हातमोजा उतरावा तशी बोटांकडे सरकली होती. हाडं मोडली नव्हती. बोटं हलत होती. बोटं हलवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या उघड्यावर हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि अजूनही कधी रात्री त्या दिसतात.

इस्पितळात पहिले दोन दिवस फक्त धुणं आणि मेलेलं कापून काढणं चाललं. चिरडलेली कातडी परत बसवता येत नाही, तिच्यातल्या रक्तवाहिन्याच मेलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावू लागले. जखमा दोन होत्या. मनगटाच्या वर, बाहूच्या खालच्या भागात, कातडी गेली होती पण तळाशी लाल, जिवंत स्नायू होता. तिथे मांडीची पातळ कातडी सोलून लावायची. हा ग्राफ्ट. हाताच्या पाठीवर मात्र तळाला स्नायू नव्हता, बोटं हलवणाऱ्या त्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या होत्या, आणि त्यांच्यावरचं पातळ आवरणसुद्धा खरवडून गेलं होतं. तिथे ग्राफ्ट जगत नाही. तिथे फ्लॅप.

"फरक काय?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "ग्राफ्ट स्वतःचं रक्त घेऊन येत नाही. जिथे लावाल तिथलं प्यायचं आणि जगायचं. फ्लॅप आपलं रक्त बरोबर घेऊन येतो. म्हणून तो लगेच तोडता येत नाही. तीन आठवडे दोन्हीकडे जोडलेला ठेवायचा. हाताकडून नवीन रक्त मिळायला लागलं की जांघेकडून कापायचा."

दादा तोवर गप्प पडून होता. वेदनाशामकानं त्याचे डोळे मिटत होते. तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "म्हणजे भेट कलम."

डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. दादानं सांगितलं, आणि माझी खात्री आहे की त्या इस्पितळात तो शब्द त्या अर्थानं पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. दादाचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे, पण त्याचा खरा जीव आंब्याच्या कलमांत. दर पावसाळ्यात तीनचारशे कलमं तो बांधतो, बहुतेक मानकुरादची, थोडी मुसराद नि हिलारियोची. आता सगळे कोय कलमच करतात. कोय रुजून कोवळं तांबूस रोप वर आलं की त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, आणि चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. ही काडी आईच्या झाडावरून तुटूनच आलेली असते. सांधा जुळेपर्यंत तिला स्वतःजवळच्या ओलाव्यावर तग धरायचा असतो. जुनी माणसं करत ते भेट कलम वेगळं. त्यात फांदी तोडत नाहीत. रोपच कुंडीतून उचलून झाडाजवळ न्यायचं, उंच माच बांधून फांदीशेजारी ठेवायचं, दोघांची साल थोड्या लाकडासकट तासायची, जखमेला जखम लावायची आणि बांधून टाकायचं. अडीच-तीन महिने ती फांदी आईच्या झाडाचंच पीत असते. रोपाशी तिची गाठ पक्की झाली की मग कापायची.

डॉक्टर पेन हातात धरून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा बरोबरच्या शिकाऊ मुलांना त्यांनी सांगितलं, "हे पेशंट आपल्याला शिकवतील."

त्यानंतर मी या विषयाचं जे सापडेल ते वाचत गेलो. भीतीवर मला वाचनाशिवाय दुसरा उपाय माहीत नाही. इटलीतल्या बोलोन्या शहरात गास्पारे ताल्याकोत्झी नावाचा सर्जन होता. तुटलेलं नाक दंडाच्या कातडीनं पुन्हा घडवण्यावर 1597 साली त्याचं पुस्तक निघालं. त्यातली चित्रं बघवत नाहीत: हात डोक्यावर घेऊन पट्ट्यांनी जखडलेला माणूस, दंडाची कातडी नाकाला शिवलेली, असं आठवडेच्या आठवडे. पण पुस्तकाच्या लॅटिन नावात जो शब्द आहे, 'इन्सितिओ', त्याचा अर्थ झाडाचं कलम करणं. सर्जननं बागायतदाराचा शब्द उचलला होता. मी हे दादाला वाचून दाखवलं. आमच्याकडे असं मानतात की आंब्याची कलमं बांधण्याची विद्या गोव्यात रुजवली ती पोर्तुगीजांच्या काळात, जेजुइट पाद्र्यांनी. म्हणजे ते साधारण याच ताल्याकोत्झीच्या शतकात येतं. दादा म्हणाला, "मग तोय कोणा कलमं बांधणाऱ्याकडे बसून शिकला असेल." पुरावा काही नाही. तरी मला ते खोटं वाटत नाही.

आणि मग आपल्याकडचं, आधी सुश्रुत, मग पुणं. सुश्रुताचं आपण सगळेच ऐकून असतो, पण मी नीट वाचलं नव्हतं. नाकाच्या मापाचं पान घ्यावं, त्या पानाच्या मापानं गालाची कातडी उचलावी, एका बाजूला ती गालाशी धरूनच ठेवावी, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा आणि त्यावर ती बसवावी. श्वासासाठी दोन पोकळ नळ्या, वर कापूस, आणि तिळाचं तेल शिंपडत राहायचं. 'एका बाजूला धरून ठेवावी' इथे मी थांबलो. सगळी विद्या त्या चार शब्दांत आहे. पूर्ण कापून लावलेला जाड तुकडा सडतो हे सांगणाऱ्याला, आणि त्याच्या आधीच्या कितीजणांना, अनुभवानं कळलं असणार. त्या अनुभवाची किंमत ज्यांनी चुकवली ते कुठे लिहून ठेवलेले नाहीत.

ती विद्या ग्रंथातून उठून कारागिरांच्या हातात कशी गेली याचा धागा मधे तुटतो. पण 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. त्यात पुण्याची हकिकत आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं, जातीनं विटा करणाऱ्या, त्याला नवीन नाक दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधल्या बारीक पट्टीवर ती गरकन फिरवून खाली आणली. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर हे बघत होते. पेशवे दरबारात चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्र काढलं. सांध्यावर टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवायच्या, चार दिवसांनी काढून तुपात भिजवलेली कापडं ठेवायची, आणि 25व्या दिवसाच्या सुमारास ती भुवयांमधली पट्टी कापायची. कात आणि तूप. आमच्या घरच्या फडताळात दोन्ही आहेत.

ते पत्र वाचून लंडनचा जोसेफ कार्प्यू वीस वर्षं विचार करत राहिला आणि 1814 साली त्यानं तशी शस्त्रक्रिया केली. तिथून युरोपभर ती 'भारतीय पद्धत' म्हणून पसरली. त्या वीटवाल्याचं नाव पत्रात नाही, इतिहासात कार्प्यूचं आहे. मला याचं फार वाईट वाटतं. आणि आणखी एका गोष्टीचं. कावसजीला नाक परत मिळालं. हात गेला तो गेलाच.

दादाचा हात होता. तो वाचवायचा होता, आणि ते काम रात्रीचं होतं.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस दर तासाला फ्लॅपचा रंग बघायचा. सिस्टरनं मला शिकवलं. बोटानं हलकं दाबायचं, पांढरा ठिपका उमटतो, सोडलं की दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. पांढराच राहिला तर रक्त पोचत नाही. उलट निळा-जांभळा पडला आणि दाबल्यावर झटक्यात रंग भरला तर रक्त येतंय पण परत जात नाही. हा दुसरा धोका जास्त फसवा, कारण रंग गडद असतो आणि अडाण्याला तो जिवंतपणाच वाटतो. ताप नको, थंडी नको, पुलाला पीळ नको. विडी तर नकोच. धुरानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. दादा पंधराव्या वर्षापासून विडी ओढायचा. डॉक्टरांनी एकदाच सांगितलं, "एक विडी, आणि हे सगळं काळं पडू शकतं." त्यानं त्या दिवसापासून मागितली नाही.

दुसऱ्या रात्री दोन वाजता मला तो भाग निळसर दिसला. मी धावत सिस्टरला बोलावलं. तिनं टॉर्च मारला, दाबून बघितलं, मग दादाच्या कोपराखालची उशी जराशी सरकवली. हात थोडा खाली लोंबला होता, पुलाला ताण बसत होता. दहा मिनिटांत रंग आला. तेवढंच. पण ती दहा मिनिटं मी खाटेची दांडी धरून उभा होतो.

ग्राफ्टची गोष्ट वेगळी, ती शांतपणे घडते. मांडीवरून जी कातडी काढली ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. तिला बारीक चिरा देऊन जाळी केली, म्हणजे खाली साचणारं पाणी निघून जाईल आणि कातडी उचलली जाणार नाही. वर घट्ट पट्टी. पहिले दोन दिवस ती कातडी नुसतं जखमेतलं पाणी शोषून राहते, भांड्यात ठेवलेल्या फांदीसारखी. मग खालच्या केसाएवढ्या वाहिन्या वरच्यांची तोंडं शोधतात. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा ती गुलाबी होती. मनगटाजवळ रुपयाएवढी जागा तेवढी सुटली होती, दादानं झोपेत हात वळवला होता तिथे. सिस्टर म्हणाली, "धरलं हो!" आम्ही कलमाला हेच म्हणतो. डोळा फुगून हिरवा झाला की, धरलं.

दुखत होती ती मात्र मांडी. जिथे लावलं तिथे नाही, जिथून काढलं तिथे आग. पुढचे दहाबारा दिवस दादा हाताबद्दल अवाक्षर बोलला नाही, मांडीबद्दल बोलायचा. वरवरची कातडी सोललेली, पण केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या आत शिल्लक असतात, त्यांच्यातूनच नवीन कातडी उगवून येते.

सगळ्यांत कठीण होती लाज. पन्नाशीचा माणूस, हात जांघेत अडकलेला, लुंगी नीट गुंडाळता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, शौचाला दोन माणसं लागतात. वहिनी सकाळी पेज आणायची, मिठातल्या कोवळ्या कैऱ्या, तोरं, आणायची, आणि चमच्यानं भरवायची. उजवा हात मोकळा होता, तो स्वतः खाऊ शकला असता. पण पहिले काही दिवस त्यानं खाल्लं नाही, आणि तिनं भरवलं तर खायचा. मी त्या वेळी खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो.

शेजारच्या खाटेवर पेडण्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. तंबाखूनं गालाचा कर्करोग झालेला. गाल कापून काढल्यावर छातीचं मांस, कातडीसकट, गळ्याखालून वर नेऊन तिथे बसवलेलं. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं, ते दुसऱ्या कामासाठी दाखल होते. त्यांनी दादाला सांगितलं, तोंडाच्या आत आता छातीचे केस येतात. कातडीला माहीतच नसतं की आपण जागा बदलली. दादानं त्यांचा हात धरला. ते रात्री फार बोलायचे. घरी त्यांचं अस्पष्ट बोलणं कोणाला नीट समजत नसे, आम्ही कान देऊन ऐकायचो.

गावात वेगळीच चर्चा. 'प्लास्टिक सर्जरी' म्हटल्यावर शेजारच्या काकीनं वहिनीला विचारलं, "प्लास्टिक घालतले? ते उन्हात तापणार नाही?" तिचा प्रश्न काळजीपोटी होता. तो शब्द मूळ ग्रीक, घडवणे या अर्थाचा. मातीला आकार देणे. मला तेव्हा तो पुण्याचा वीटवाला आठवला. आपल्याकडे नागपुरात 1958 साली या शास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. बालकृष्णन यांनी उभा केला. मुंबईचे डॉ. नोशिर अँटिया इंग्लंडात हॅरॉल्ड गिलीजकडे शिकून आले आणि कुष्ठरोग्यांची नाकं नि हात नीट करत राहिले. हे गिलीज पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर काम करायचे. कातडीच्या पुलाच्या दोन्ही कडा आत वळवून शिवल्या तर नळी होते, आतलं मांस उघडं राहत नाही, पिकत नाही, हे त्यांनी 1917 मध्ये वापरात आणलं. दादाचा पूलही तसाच नळी करून शिवलेला होता. काकीला मी एवढंच सांगितलं की प्लास्टिक नाही, त्याचीच कातडी आहे. ती म्हणाली, "मग बरं."

सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून मांसाचा तुकडा एका झटक्यात नेतात, केसाहून बारीक धाग्यानं शिवतात, हे 1973 पासून होतंय. तसं का नाही, असं मी विचारलं होतं. चिरडलेल्या हातात जोडायला भरवशाची वाहिनी नाही, आणि जांघेचा फ्लॅप जुना असला तरी दगा देत नाही, असं उत्तर मिळालं. मला ते पटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला आणि दादा अस्वस्थ झाला. कोयी रुजत घातलेल्या होत्या. रोपं तांबूस असतानाच कलम बांधायला हवं, पानं हिरवी झाली की सांधा नीट जुळत नाही. डावा हात असता तरी तो इथे खाटेवर. शेवटी वहिनी उठली. एवढी वर्षं ती त्याच्या शेजारी बसून पट्ट्या कापून देत होती, सुरी तिनं कधी धरली नव्हती. रात्री फोनवर दादा तिला सांगायचा: काडी रोपाच्याच जाडीची घे, पाचर एका फटक्यात तास, पुन्हा पुन्हा खरवडू नकोस, एक बाजू तरी सालीला साल बसली पाहिजे, पट्टी ओढून बांध. ती सव्वाशे बांधू शकली. त्यातली नव्वदच्या वर धरली. दादाची स्वतःची कलमं दरवर्षी त्या प्रमाणाहून फार जास्त धरत नसत, हे त्यानं वॉर्डात सगळ्यांना सांगितलं.

18व्या दिवसापासून तोडायची तयारी सुरू झाली. पुलाच्या मुळाशी रबरी नळी आवळायची, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तास, दीड तास. जांघेकडचं रक्त बंद करून बघायचं की हात त्याला पोसतोय का. भेट कलमालाही असंच करतात. फांदी एकदम कापत नाहीत, आधी पाव छेद, आठ दिवसांनी निम्मा, मग पूर्ण. तोपर्यंत पुलाला बोट लावलं की दादाला जांघेत स्पर्श कळायचा. पहिल्यांदा नळी आवळली तेव्हा फ्लॅप जरा फिका पडला आणि मग हळूहळू, मनगटाच्या बाजूनं, रंग चढत आला. दादा बघत होता. म्हणाला, "घेता. आपणच घेता."

21व्या दिवशी कापलं. हात सुटा झाला पण खांदा नि कोपर लाकडासारखे झालेले. सरळ करताना तो ओरडला. त्यानंतरचे महिने व्यायामाचे, ते सांगण्यासारखे नाहीत, फक्त रोज करण्याचे होते.

हाताच्या पाठीवर आता एक मऊ, फिकट उशी होती. जांघेनं ऊन कधी पाहिलेलं नसतं. आत चरबी जांघेचीच, वजन वाढलं तर तीही वाढेल असं डॉक्टर म्हणाले. डिसेंबरात ती काढून हात सपाट केला. पण स्पर्श नव्हता. सुटा झाल्यापासून तिथे काहीच कळत नसे. एकदा पेजेच्या तापल्या टोपाला हात टेकला, फोड आला, आणि त्याला तो फोड वहिनीनं दाखवला तेव्हा समजला. त्या दिवशी तो दिवसभर बोलला नाही. मज्जातंतू कडेनं हळूहळू आत येतात, वाट बघा, एवढंच डॉक्टरांकडे सांगण्यासारखं होतं. रोपाची कुंडी धरताना तो हाताकडे बघत धरायचा. नजर काढली की पकड सुटायची.

पुढच्या मे महिन्यात मी सुट्टीला घरी होतो. पुन्हा पुरुमेंत, अंगणात कोकमं वाळत घातलेली. दादा मानकुरादवर चढला होता, खाली मी आणि वहिनी पोतं धरून. त्या झाडावर हुमल्यांची घरटी नेहमीची, तांबड्या मुंग्या पानं शिवून राहतात. वरून एकदम ओरडण्याचा आवाज आला.

"चाबलो रे! हुमलो चाबलो!"

आम्हाला वाटलं पडतो की काय. तो भराभर खाली उतरला आणि डावा हात पुढे करून वहिनीसमोर उभा राहिला. फिकट कातडीच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूला, मोहरीएवढा लाल ठिपका होता. वहिनीनं हात हातात घेतला. तो उजव्या हाताचं बोट त्या ठिपक्यावरून फिरवत होता, परत परत, आणि तिला विचारत होता, "दिसता गो? दिसता?"